सौम्य आम्लालाही सोडियम हायड्रॉक्साइड तेवढेच का लागते?

प्रश्न असा आहे: ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली घेतले, तर उदासिनीकरणाला ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिली लागले. ॲसेटिक आम्ल तेवढ्याच संहतीचे, तेवढेच घेतले, तरी फिनॉल्फ्थॅलिन या रंग बदलणाऱ्या दर्शकाने २५ मिलीच दाखवले. पण ॲसेटिक आम्ल सौम्य आहे, त्याचे जेमतेम एक टक्का विचरण (आयनांत सुटणे) होते असे शिकवले जाते. मग अर्ध्या मिलीच्या आतच काम का संपले नाही? शिवाय समतोल म्हणजे दोन्ही बाजू सारख्या, तर एक टक्का आणि नव्व्याण्णव टक्के हा कसला समतोल? आणि मिथिल ऑरेंज वापरले तेव्हा ॲसेटिक आम्लाचा रंग आठ मिलीच्या आसपासच का पालटला?

तुमचे मोजमाप चुकलेले नाही. तिन्ही वाचने बरोबर आहेत आणि तिन्हींचे कारण एकच आहे. घोळ होतो तो ‘तीव्रता’ या शब्दात. त्यात आपण नकळत तीन गोष्टी एकत्र करतो: पात्रात एकूण आम्ल किती आहे, त्यातले या क्षणी विचरण झालेले किती आहे, आणि ते आम्ल प्रोटॉन सोडायला किती राजी आहे. पहिली गोष्ट म्हणजे संहती, ती ब्युरेट (थेंब सोडायची मापनळी) मोजते. दुसरी सामूमापी (सामू म्हणजे पीएच मोजणारे उपकरण) दाखवतो. तीव्रता म्हणायचे ते फक्त तिसरीला, आणि ती समतोल स्थिरांकात असते. ती थेट दाखवणारे उपकरण नाही, पहिल्या दोन गोष्टींवरून ती काढावी लागते.

आधी समतोलाबद्दल, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. मराठीत ‘समतोल’ म्हटले की डोळ्यांपुढे तराजू येतो, दोन्ही पारडी एका पातळीत. रसायनात सारखे असतात ते दोन वेग. दोन्हीकडचे साठे सारखे असण्याची काहीच गरज नसते.

ॲसेटिक आम्ल + पाणी ⇌ हायड्रोनियम आयन + ॲसिटेट आयन

दर सेकंदाला जितके रेणू डावीकडून उजवीकडे जातात तितकेच उजवीकडून डावीकडे येतात. आता ०.१ मोलर द्रावणातल्या एकाच रेणूवर नजर ठेवा. तो साधारण सव्वा मायक्रोसेकंद अखंड राहतो. मग त्याचा प्रोटॉन पाण्याच्या रेणूकडे जातो आणि त्याचा हायड्रोनियम होतो. उरलेला ॲसिटेट आयन मात्र फार काळ एकटा राहत नाही, सोळा-सतरा नॅनोसेकंदांत कुठला तरी प्रोटॉन त्याला गाठतो आणि रेणू पुन्हा अखंड होतो. सव्वा मायक्रोसेकंद जोडलेला, त्याच्या पंचाहत्तराव्या हिश्श्याइतका वेळ सुटलेला, असे त्याचे अखंड चालू असते. (इतक्या वेगवान अभिक्रिया मोजण्याची पद्धत मॅनफ्रेड आयगेन यांनी विकसित केली. १९६७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो याच कामासाठी.)

या चित्रामुळे तुमचा अर्धा प्रश्न सुटतो. ‘एक टक्का विचरण’ वाचले की असे वाटते की शंभरातला एक रेणू आम्लाचे काम करतो आणि नव्व्याण्णव नुसते बसून आहेत. तसे नाही. प्रत्येक रेणू आपल्या वेळेपैकी सुमारे १.३ टक्के वेळ सुटलेला असतो. कामाचे आणि बिनकामाचे अशी रेणूंची वाटणी नसते, सगळेच प्रोटॉन देऊ शकतात. एका क्षणी पाहिले तर हजारात तेरा सुटलेले दिसतात, आणि मायक्रोसेकंदानंतर पाहिले तर तेही तेराच, पण बहुतेक वेगळे.

हा १.३ टक्क्यांचा आकडा येतो कुठून? समतोल स्थिरांकातून. हायड्रोनियमची संहती गुणिले ॲसिटेटची संहती, भागिले अखंड आम्लाची संहती, हे उत्तर २५ अंश सेल्सिअसला ॲसेटिक आम्लासाठी सुमारे ०.००००१८ येते. याला केए म्हणतात. इतका लहान आकडा वापरायला अवघड, म्हणून त्याचा ऋण लॉगॅरिदम घेऊन पीकेए लिहितात: ४.७५ च्या आसपास. ०.१ मोलर द्रावणात सुटलेला भाग क्ष धरला, तर क्षचा वर्ग भागिले ०.१ म्हणजे ०.००००१८, यावरून क्ष ०.००१३ मोलर आणि सामू २.९. यात अखंड आम्ल ०.१ उणे क्ष न धरता सरळ ०.१ धरले आहे. विचरण पाच टक्क्यांच्या आत असेल तोवर हे चालते. त्यापुढे वर्गसमीकरण सोडवावेच लागते. हायड्रोफ्लुओरिक आम्लाचा केए ०.०००६८ आहे. तिथे हीच सोय वापरली तर ०.१ मोलरला ८.२ टक्के येते, खरे उत्तर ७.९ आहे. द्रावण आणखी विरल केले की फरक झपाट्याने वाढतो.

या हिशेबाची पडताळणी सामूला हात न लावता करता येते आणि मला ती फार पटणारी वाटते. ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाची मोलर वाहकता सुमारे ३९१ सीमेन्स वर्ग सेंमी प्रति मोल आहे, तेवढ्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लाची ५.२. ॲसेटिक आम्लाचे पूर्ण विचरण झाले असते तर तीही जवळपास ३९१ भरली असती, म्हणजे ५.२ भागिले ३९१, पुन्हा १.३ टक्के. वीज वाहते ती फक्त आयनांमुळे, त्यामुळे हा पुरावा स्वतंत्र आहे. वाहकता आणि विरलीकरण यांची ही सांगड विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये नियमाच्या रूपात मांडली.

आता ब्युरेटकडे. शंकूपात्रात २५ मिली ०.१ मोलर ॲसेटिक आम्ल आहे, म्हणजे एकूण २.५ मिलिमोल. त्यातले हायड्रोनियम फक्त ०.०३३ मिलिमोल. तुम्ही पहिला एक मिली सोडियम हायड्रॉक्साइड सोडले, म्हणजे ०.१ मिलिमोल हायड्रॉक्साइड. पात्रात सुट्या असलेल्या हायड्रोनियमच्या तिप्पट! सुटे तेवढेच देण्याजोगे असते, तर पहिल्या मिलीच्या तिसऱ्या हिश्श्यातच आम्ल संपले असते आणि फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी झाले असते. प्रत्यक्षात या मिलीनंतर सामू २.९ वरून ३.४ वर जातो, इतकेच.

कारण हायड्रॉक्साइडने हायड्रोनियम उचलले की परतीचा वेग पडतो. ॲसिटेटला प्रोटॉन भेटण्याची शक्यताच कमी झाली. पुढे जाण्याचा वेग मात्र तसाच आहे. साहजिकच आणखी रेणू सुटतात, आणि गुणोत्तर पुन्हा ०.००००१८ होईपर्यंत सुटत राहतात. हे सगळे मायक्रोसेकंदांच्या हिशेबात घडते, तुमच्या थेंबाला पात्रात मिसळायला त्याच्या लाखो पट वेळ लागतो. म्हणून सौम्य आम्लाच्या अनुमापनात (ब्युरेटने थेंब सोडून आम्ल मोजण्यात) ‘थोडे थांबावे लागेल’ असे काही नसते. २.५ मिलिमोलपैकी शेवटचा रेणू संपेपर्यंत पुरवठा चालू राहतो आणि २.५ मिलिमोलला ०.१ मोलरचे २५ मिलीच लागतात. सामू सांगतो आत्ता हाताशी काय आहे, ब्युरेट सांगते मागितले तर एकूण किती निघेल.

तरीही दोन आम्लांतला फरक लपत नाही. वाटेतले सामू शेजारी ठेवून पाहा. १२.५ मिलीला हायड्रोक्लोरिक आम्लाचे पात्र १.५ वर असते, ॲसेटिकचे ४.७ वर. २४.९ मिलीला पहिले ३.७, दुसरे ७.१. बरोबर २५ मिलीला पहिले ७, दुसरे ८.७. आणि २५.१ मिलीला दोन्ही १०.३, कारण आता पात्रात आम्ल उरलेलेच नाही, जास्तीचे हायड्रॉक्साइड तेवढे बोलते.

२५ मिलीला ८.७ का आले? उदासिनीकरण म्हणजे सामू ७ हा समज इथे मोडतो. त्या क्षणी पात्रात ०.०५ मोलर सोडियम ॲसिटेट आहे. ॲसेटिक आम्ल प्रोटॉन सहज सोडत नाही, याचाच अर्थ ॲसिटेटला प्रोटॉन हवासा वाटतो, आणि तो पाण्याकडून थोडा ओढतो. मागे हायड्रॉक्साइड उरते. आम्ल जितके सौम्य, तितकी त्याची जोडीदार आम्लारी प्रबळ: दोन्हींचे स्थिरांक गुणले की २५ अंशांना नेहमी पाण्याचा स्थिरांक येतो, म्हणून पीकेए आणि पीकेबी (आम्लारीच्या स्थिरांकाचा, केबीचा, तसाच ऋण लॉगॅरिदम) यांची बेरीज १४. ॲसिटेटचा पीकेबी साधारण ९.२५, म्हणजे आम्लारी म्हणून ते बरेच दुबळे आहे. तरी सामू सातच्या वर न्यायला तेवढे पुरते. क्लोराइड मात्र पाण्याकडून प्रोटॉन जवळजवळ ओढतच नाही, म्हणून तिथे ७.

मिथिल ऑरेंजचे कोडेही यातच आहे. हा दर्शक ३.१ ते ४.४ या सामूदरम्यान लालचा पिवळा होतो. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पात्रात हा सगळा पट्टा २५ मिलीच्या अलीकडच्या अर्ध्या मिलीच्या आत ओलांडला जातो, म्हणून वाचन बरोबर येते. ॲसेटिकच्या पात्रात सामू ४.४ होतो तेव्हा जेमतेम ३० टक्के आम्ल संपलेले असते, म्हणजे पावणेआठ-आठ मिली. रंगही एकदम पालटत नाही, नारिंगी छटा मिलीमागून मिली रेंगाळते, आणि दर्शक चुकीचा निवडल्याची ही खूण आहे. फिनॉल्फ्थॅलिनचा पट्टा ८.२ च्या आसपास सुरू होतो आणि ८.७ त्यातच पडतो, म्हणून तो योग्य. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. त्यानंतर तो फिका पडला तर अजून थेंब घालू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने रंग जातो.

इथवरचे एका दमात: समतोलात वेग सारखे असतात, साठे नाही. विचरणाची टक्केवारी या क्षणाचे चित्र आहे. अनुमापन एकूण साठा मोजते. आणि तीव्रता वाटेतल्या सामूंवर आणि दर्शकाच्या निवडीवर परिणाम करते, शेवटच्या आकारमानावर नाही.

टक्केवारीवरून तीव्रता ठरवायची नाही, हे मी आग्रहाने सांगेन. तेच ॲसेटिक आम्ल १ मोलर असेल तर विचरण ०.४ टक्के आणि सामू २.४. ०.१ मोलरला १.३ टक्के, ०.०१ मोलरला ४.२ टक्के आणि सामू ३.४. ०.००१ मोलरला १२.५ टक्के आणि सामू ३.९. आम्ल तेच, केए तोच, टक्केवारी तीसपट बदलली. विरल केले की सुटलेल्यांना एकमेकांची गाठ पडणे अवघड होते, म्हणून टक्का वाढतो. पण एकूण आयन कमीच होतात, म्हणून सामूही वाढतो. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि परीक्षेत बहुतेक गल्लत इथेच होते. यातूनच आणखी एक गोष्ट निघते: १ मोलर ॲसेटिक आम्लाचा सामू २.४ आहे, ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा ३. सौम्य आम्लाचे द्रावण तीव्र आम्लाच्या द्रावणापेक्षा जास्त आम्लधर्मी असू शकते. म्हणून ‘संहत-विरल’ ही जोडी आणि ‘तीव्र-सौम्य’ ही जोडी कधी एकमेकांच्या जागी वापरू नका.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही सांगायला हवे. एक म्हणजे द्रावक. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, परक्लोरिक ही सगळी पाण्यात सारखीच तीव्र दिसतात, कारण पाणी तिघांचेही प्रोटॉन जवळजवळ पूर्ण घेऊन टाकते आणि शेवटी सगळीकडे हायड्रोनियमच उरते. मुळात ती सारखी नाहीत. पाण्याऐवजी निर्जल ॲसेटिक आम्ल हाच द्रावक घेतला, की तो प्रोटॉन घ्यायला नाखूश असल्याने फरक उघडा पडतो: परक्लोरिक सर्वांत पुढे, हायड्रोक्लोरिक बरेच मागे, नायट्रिक त्याच्याही मागे. पाण्यात ज्यांचा शेवट स्पष्ट दिसत नाही अशा दुबळ्या आम्लारींचे अनुमापन ॲसेटिक आम्लातल्या परक्लोरिकने करतात ते याच कारणाने. दुसरे म्हणजे तापमान. पाण्याचे स्वतःचे विचरण तापमानाबरोबर वाढते, ६० अंशांना शुद्ध पाण्याचा सामू ६.५ असतो. ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते, हायड्रोनियम आणि हायड्रॉक्साइड दोन्ही सारखेच वाढलेले असतात. उदासीन म्हणजे ७ हे २५ अंशांपुरतेच खरे.

एकाहून जास्त प्रोटॉन देणाऱ्या आम्लांत प्रत्येक पायरीचा स्थिरांक वेगळा असतो. सल्फ्युरिक आम्लाचा पहिला प्रोटॉन पूर्ण सुटतो, दुसऱ्याचा केए ०.०१२ च्या आसपास. म्हणून ०.१ मोलर सल्फ्युरिकमध्ये हायड्रोनियम ०.२ नव्हे, ०.११ मोलर निघतो. पण त्याच्या २५ मिलीला सोडियम हायड्रॉक्साइड मात्र ५० मिली लागते. तुमच्याच प्रश्नाचे हे दुसरे रूप.

केए मुळात कमी-जास्त का असतो? प्रोटॉन गेल्यावर मागे जे उरते ते किती निवांत राहू शकते, यावर बरेच काही ठरते. ॲसेटिक आम्लाच्या शेजारच्या कार्बनवर एक क्लोरीन बसवला की पीकेए ४.७५ वरून २.९ वर येतो, तीन बसवले की ०.७ च्या आसपास, कारण क्लोरीन ऋणभार स्वतःकडे ओढून पसरवतो. पीकेएचे एक एकक म्हणजे २५ अंशांना ५.७ किलोजूल प्रति मोल. हा आकडा लक्षात राहिला तर पीकेएतला फरक ऊर्जेत वाचता येतो. तीन क्लोरीनांनी मिळून जेमतेम तेवीस किलोजूलांचा फरक पाडला आणि स्थिरांक दहा हजारपट वाढला.

या फरकाचा प्रत्यक्ष उपयोग अभिक्रिया कुठे जाईल हे आधीच सांगण्यात होतो. बेंझॉइक आम्लाचा पीकेए ४.२, कार्बॉनिक आम्लाचा ६.४, फिनॉलचा १०. म्हणून बायकार्बोनेटच्या द्रावणात बेंझॉइक आम्ल फसफसून विरघळते, फिनॉल बायकार्बोनेटशी अभिक्रिया करत नाही, त्याला सोडियम हायड्रॉक्साइड लागते. पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकातले दोहोंचे मिश्रण वेगळे करताना आधी बायकार्बोनेट वापरायचे, मग सोडियम हायड्रॉक्साइड. क्रम उलटा केला तर दोन्ही एकदमच पाण्याच्या थरात जातात.

‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी मात्र समजू नका. हायड्रोफ्लुओरिक आम्ल या व्याख्येने सौम्य आहे आणि प्रयोगशाळेतल्या अत्यंत घातक आम्लांपैकी एक आहे. अखंड, भाररहित रेणू त्वचेतून सहज खोल जातो आणि आतला कॅल्शियम फ्लुओराइडच्या रूपात बांधून टाकतो. त्यावरचा प्रथमोपचार म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल जवळ नसेल तर ती बाटली उघडूच नये. संहत ॲसेटिक आम्लही सुमारे १७ मोलर असते आणि त्वचा भाजते.

आम्लारींना सगळे तसेच लागू आहे. अमोनियाचा केबी योगायोगाने ॲसेटिकच्या केएइतकाच, म्हणून ०.१ मोलर अमोनियाचा सामू ११.१. हायड्रोक्लोरिकने अनुमापन केले तर शेवट ५.३ ला येतो आणि तिथे मिथिल रेड चालतो, फिनॉल्फ्थॅलिन नाही. कॅल्शियम हायड्रॉक्साइड मात्र वेगळा प्रकार आहे: ते विरघळते फार कमी, पण जेवढे विरघळते त्याचे विचरण जवळजवळ पूर्ण होते. कमी विरघळणे आणि दुबळे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या वेळी अनुमापन कराल तेव्हा सामूमापी ४ आणि ७ च्या बफरने (सामू ठाऊक असलेल्या द्रावणांनी) जुळवून घ्या आणि इलेक्ट्रोड पात्रात ठेवूनच थेंब सोडा. आधी एकदा फिनॉल्फ्थॅलिनवर पूर्ण आकारमान काढा. मग ताजे २५ मिली घेऊन त्याच्या अर्ध्यावर, म्हणजे १२.५ मिलीला थांबा. आता अखंड आम्ल आणि ॲसिटेट सारखेच आहेत, गुणोत्तरात ते एकमेकांना छेदतात आणि मापीवर दिसणारा सामू हाच पीकेए. ४.६५ ते ४.७५ दरम्यान काहीही आले तरी ठीक, आयनांच्या परस्पर आकर्षणामुळे तो थोडा खाली दिसतो. ४.९ च्या वर गेला तर आधी ब्युरेटमधले आकारमान तपासा, मग मापी पुन्हा बफरला लावून पाहा. सोडियम हायड्रॉक्साइड जुने असेल आणि त्याने कार्बन डायऑक्साइड शोषला असेल, तर फिनॉल्फ्थॅलिनचा शेवट उशिरा येतो आणि त्याचा अर्धा धरून काढलेला पीकेए फसवतो. म्हणून द्रावण त्याच आठवड्यात बनवलेले असू द्या.